परदेशीं हरवलेलें पारपत्र

आज ज्या विषयावर बोलावयाचें योजिलें आहे तो काव्याचा नाहीं, शास्त्राचा नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मनोरंजनाचाही नाहीं. परंतु आपल्या मध्यमवर्गीय घरांची रचना गेल्या कांहीं दशकांत जी पालटली, तिच्यामुळें तो विषय आपोआप आपल्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला आहे. पूर्वीं सदाशिव पेठेंतला किंवा दादरचा मुलगा नोकरीसाठीं फार तर नागपुरास किंवा इंदुरास जाई. आतां मुलगा न्यू जर्सींत, मुलगी म्युनिकला आणि भाचा दुबईंत, अशी विभागणी सर्रास आढळते. शिवाय नातवंडांच्या निमित्तानें आईवडीलही चार चार, सहा सहा महिने तिकडे जाऊन राहतात. या सर्व मंडळींचा परक्या भूमीवरील वावर ज्या छत्तीस पानांच्या निळ्या पुस्तिकेवर अवलंबून असतो, ती पुस्तिका एके दिवशीं नाहींशी झाली तर काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम त्या वस्तूचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. पारपत्र आपल्या कपाटांत असतें, त्यावर आपलें छायाचित्र असतें, त्यासाठीं शुल्कही आपणच भरलेलें असतें. तथापि तें आपल्या मालकीचें नसतें. १९६७ च्या पारपत्र कायद्याचें सतरावें कलम असें सांगतें कीं, या कायद्यान्वयें दिलेलें पारपत्र सर्वकाळ केंद्र सरकारचीच मालमत्ता राहील. हें कलम वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. पण त्याचा अर्थ सरळ आहे. पारपत्र हरविणारा मनुष्य सरकारची वस्तु हरवीत असतो, म्हणून तशी वर्दी देणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि तीच वस्तु दुसऱ्या कोणीं अडकवून ठेविली, तर तो आपल्या मालकीचा नसलेला ऐवज दाबून बसलेला असतो. या दुसऱ्या मुद्द्याकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

हा कायदा तरी कशामुळें झाला? तोंपर्यंत पारपत्र देणें न देणें ही सरकारच्या मर्जीची गोष्ट होती. १९६७ च्या एप्रिलमध्यें सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून कायद्यावांचून तो हिरावून घेतां येणार नाहीं. त्याबरोबर सरकारची धांवपळ झाली आणि जूनमध्यें कायदा संमत झाला. तेव्हां वस्तु सरकारची खरी, पण ती मिळविण्याचा हक्क नागरिकाचा, असा हा दुहेरी संबंध आहे.

पारपत्राची सक्ति ही मात्र फार पुरातन गोष्ट नव्हे. परवान्याची कल्पना जुनी आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘दस्तक’ हा शब्द येतो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांवर ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना लादला होता, आणि तो नसलेलें जहाज ते खुशाल पकडीत. परंतु प्रत्येक मनुष्यानें सीमा ओलांडतांना स्वतःच्या छायाचित्राची पुस्तिका दाखवावी, हा दंडक पहिल्या महायुद्धापासूनचा. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्या देशांत पाऊल ठेवण्यास पारपत्राची अट नव्हती. युद्ध संपल्यावर १९२० सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि तींत बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. आज सर्व देशांचीं पारपत्रें एकमेकांच्या भावंडांसारखीं दिसतात, त्याचें मूळ तेथें आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९२२ त, नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनीं रशियांतून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठीं एक वेगळेंच प्रवासपत्र प्रचारांत आणिलें. त्या बिचाऱ्यांचें राज्यच त्यांना आपलें म्हणावयास तयार नव्हतें.

हा नान्सेनचा उल्लेख मीं उगीच केला नाहीं. ज्याचें पारपत्र हरवतें त्याची पहिल्या घटकेला तशीच भावना होते. आपण कोठलेच राहिलों नाहीं, असें त्याला वाटूं लागतें. ही भावना साफ खोटी आहे. पुस्तिका हरवली तरी नागरिकत्व हरवत नाहीं. तें दिल्लीच्या नोंदींत जसेंच्या तसें असतें. आपण भारतीय आहों हें सिद्ध झालें कीं आपल्या वकिलातीस आपल्याला स्वदेशीं येण्याचें साधन द्यावेंच लागतें. धीर सोडण्याचें कारण नाहीं. घाई करण्याचें तर मुळींच नाहीं, कारण बहुतेकांचें नुकसान पारपत्र हरवल्यानें जेवढें होतें, त्याहून अधिक त्यानंतरच्या दोन दिवसांत घाईनें घेतलेल्या निर्णयामुळें होतें.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं.

पारपत्र जागेवर नाहीं असें लक्षांत आल्यावर प्रथम तें शोधावें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं असें कोणी म्हणेल. पण आवश्यकता आहे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण या बाबतींत वारंवार खरी ठरते. पारपत्र झेरॉक्सच्या यंत्राच्या कांचेखालीं राहतें, बँकेंत कारकुनाच्या टेबलावर राहतें, विमानांत पुढच्या आसनाच्या खिशांत राहतें, कोटाच्या फाटक्या खिशांतून अस्तरांत उतरतें. हॉटेल, टॅक्सीचें कार्यालय, विमानतळावरील हरवल्या वस्तूंचा कक्ष, या सर्वांस विचारावें. जर्मनींतील शहरांत यासाठीं नगरपालिकेचेंच स्वतंत्र कार्यालय असतें. जपानमध्यें तर सांपडलेली वस्तु कोपऱ्यावरच्या पोलीसचौकींत नेऊन देण्याची रीत इतकी मुरलेली आहे कीं, तेथें आशा लवकर सोडूं नये. हा शोध एक दिवस, फार तर एक रात्र उलटेपर्यंत करावा. अर्थात् पिशवी कोणीं हिसकावून नेल्याचें आपण पाहिलें असेल, तर शोधाचा प्रश्नच उरत नाहीं. तेथून थेट पोलिसांकडे जावें.

एक दिवसाची मर्यादा मी कां घालतों? कारण वर्दी देणें ही परत न फिरणारी क्रिया आहे. आम्हां शाळामास्तरांच्या हजेरीपटांत नांव कापलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं येऊन बसला, तर नांव पुन्हां लिहितां येई. येथें तशी सोय नाहीं. आपण वकिलातीस कळविलें कीं त्या क्रमांकाचें पारपत्र रद्द होतें, आणि तो क्रमांक इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीससंस्थेच्या यादींतही जाऊं शकतो. हरवलेल्या आणि चोरलेल्या प्रवासपत्रांची ही यादी २००२ सालीं सुरू झाली. तींत खासगी व्यक्तीस नोंद करतां येत नाहीं; सरकारेंच ती करतात, आणि सीमेवरील अधिकारी ती पाहतात.

मग एवढी कठोर वर्दी द्यावीच कशाला, असा प्रश्न मनांत येईल. याचें उत्तर २०१४ च्या मार्चमधील एका घटनेंत आहे. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलें मलेशियन एअरलाइन्सचें विमान नाहींसें झालें, तें आजतागायत पूर्णपणें सांपडलेलें नाहीं. त्या विमानाच्या प्रवाशांच्या यादींत एक इटालियन आणि एक ऑस्ट्रियन अशीं दोन नांवें होतीं. त्यांच्या घरीं चौकशी झाली, तेव्हां दोघेही सुखरूप निघाले. त्यांचीं पारपत्रें थायलंडमध्यें, एकाचें २०१२ त आणि दुसऱ्याचें २०१३ त, गेलेलीं होतीं. त्यांवर दुसरेच दोघे इराणी तरुण प्रवास करीत होते. दोन्ही क्रमांक इंटरपोलच्या यादींत होते, पण विमानांत चढतांना ती यादी कोणीं पाहिली नव्हती. अपघाताशीं त्या तरुणांचा संबंध नव्हता हें पुढें स्पष्ट झालें. तथापि ज्यांनीं आपल्या चोरीची वर्दी वेळींच दिली होती, त्यांच्यावर संशयाची सावली क्षणभरही पडली नाहीं. वर्दी दिली नसती, तर काय काय प्रश्न विचारले गेले असते याची कल्पना करावी.

वर्दी प्रथम द्यावयाची ती ज्या गांवीं पारपत्र हरवलें तेथील पोलिसांकडे. पुण्यास किंवा मुंबईस वडिलांनीं आपल्या ओळखीच्या फौजदाराकडे जाऊन तक्रार नोंदविण्याचा कांहीं उपयोग नाहीं. मुलाच्या प्रेमापोटीं असे हेलपाटे घालणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. परदेशांतील पोलीस पुष्कळदां म्हणतात, ‘चोरी झाली असेल तर सांगा, नुसतें हरवलें असेल तर आम्ही काय करणार?’ अशा वेळीं वाद न घालतां, माझ्या वकिलातीस नोंदीचा कागद लागतो, एवढें नम्रपणें सांगावें, आणि निदान नोंदीचा क्रमांक व तारीख असलेली प्रत हातीं घेतल्याशिवाय निघूं नये. हरवलें असतां चोरीस गेलें असें सांगणें मात्र सर्वथा टाळावें. खोटी फिर्याद हा जवळजवळ सर्वत्र गुन्हा आहे, आणि पुढें प्रतिज्ञापत्रांत तीच हकीकत पुन्हां लिहावी लागते. दोहोंत फरक पडला कीं प्रकरण अडतें.

त्यानंतर वकिलात. मोठ्या देशांत दिल्लीचे प्रतिनिधि एकाच शहरीं नसतात; राजधानींत मुख्य वकिलात आणि इतर शहरीं कॉन्सुलेट असतात, आणि प्रत्येकाचा प्रदेश वांटून दिलेला असतो. न्यू जर्सीचा रहिवासी न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडे जाईल. त्यानें शिकागोस अर्ज केला तर तो परत येईल. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरावयाचा, त्याबरोबर पोलिसांच्या नोंदीची प्रत, हरवल्याची हकीकत सांगणारें प्रतिज्ञापत्र, जुन्या पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, आणि त्या देशांत आपण कायदेशीरपणें राहतों याचा पुरावा जोडावयाचा. शेवटचें पान लोक विसरतात. त्यावर आईवडिलांचीं नांवें, पत्ता आणि कार्यालयाचा फाइल क्रमांक असतो. २०१८ च्या जानेवारींत हें पान छापणें बंद करण्याचा विचार सरकारनें जाहीर केला होता, पण महिना संपण्यापूर्वींच तो मागें घेतला. तेव्हां तें पान अद्याप आहे आणि उपयोगाचेंही आहे.

येथें आपण त्या वळणावर येऊन पोंचतों, ज्याच्यासाठीं हें सर्व भाषण योजिलें. वकिलात दोन प्रकारचे कागद देऊं शकते. एक म्हणजे हरवलेल्याच्या जागीं नवें पारपत्र. दुसरा म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. हें दुसरें पुष्कळदां दोन-चार दिवसांत मिळतें, आणि म्हणूनच मोह पाडतें. नवें पारपत्र मिळण्यास वेळ लागतो, कारण जुनें ज्या कार्यालयानें दिलें त्याच्याकडून खात्री करून घेतली जाते आणि गरज पडल्यास भारतांतील पत्त्यावर पोलीस-चौकशीही होते. इमर्जन्सी सर्टिफिकेटची मर्यादा अशी कीं, तें केवळ भारतांत परतण्यासाठीं असतें; एकदांच आणि एकाच दिशेनें. आपण मायभूमीवर उतरलां कीं त्याचें कार्य संपलें.

तेव्हां जो प्रवासी आहे त्यानें हें घ्यावें, आणि जो रहिवासी आहे त्यानें शक्यतों घेऊं नये. सिंगापूरची सहल करून आठवड्यानें परतावयाचें असलेलें जोडपें, किंवा नातवाचें बारसें उरकून घरीं यावयास निघालेले आजोबा, यांना दुसरें काय हवें? विमान मात्र थेट भारताचें पाहावें. मधल्या देशांत उतरून विमान बदलावयाचें असेल तर तेथले अधिकारी या कागदास मान्यता देतील कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी. कित्येक देशांत बाहेर पडण्यासाठींही तेथल्या इमिग्रेशन कार्यालयाचा शिक्का लागतो, कारण आपण कधीं आलों याची खूण हरवलेल्या पुस्तिकेंत गेलेली असते. तो मिळाल्याखेरीज विमानतळाकडे जाऊं नये.

रहिवाशाची गोष्ट निराळी. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत एका मध्यम शहरीं नोकरीस होता. आगगाडींत पिशवी राहिली, तींत पारपत्र. महिनाभरानें इकडे बहिणीचें लग्न होतें. त्यानें विचार केला कीं, नव्या पारपत्राची वाट पाहण्यापेक्षां इमर्जन्सी सर्टिफिकेटवर घरीं जावें, लग्न साजरें करावें आणि पारपत्र पुण्यासच काढावें. आपल्या गांवीं सगळें सोपें. लग्न उत्तम झालें. मग पारपत्रासाठीं पोलीस-चौकशी आली, तिला कांहीं आठवडे गेले. नवी पुस्तिका हातीं आली, तेव्हां लक्षांत आलें कीं अमेरिकेचा व्हिसा जुन्या पुस्तिकेबरोबरच गेला आहे आणि तो पुन्हां मिळविण्यासाठीं मुंबईस मुलाखत द्यावी लागेल. मुलाखतीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. मालकानें बराच काळ कळ सोसली, शेवटीं जागा भरून टाकली. हा तरुण निष्काळजी नव्हता. पिशवी कोणाचीही राहते. त्यानें जाण्याचा कागद घेतला आणि येण्याचा कागद कोठून मिळणार हें कोणासही विचारलें नाहीं, एवढेंच.

त्यानें तेथेंच थांबून नवें पारपत्र काढलें असतें तर काय झालें असतें? यासाठीं एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. व्हिसा म्हणजे दार ठोठावण्याचा परवाना. आंत आल्यावर किती दिवस राहावयाचें हें वेगळ्या नोंदीनें ठरतें. अमेरिकेंत त्या नोंदीस आय-९४ म्हणतात. विमानानें आणि बोटीनें येणाऱ्यांसाठीं ती २०१३ पासून संगणकावर ठेवली जाते आणि सरकारी संकेतस्थळावरून छापून घेतां येते. व्हिसाचा कागद हरवल्यानें ही नोंद पुसली जात नाहीं. मुदत शिल्लक असेल आणि नोकरीची मंजुरी चालू असेल, तर मनुष्य तेथें राहूं शकतो व कामही करूं शकतो. हरवलेला व्हिसा अमेरिकेंत राहून बदलून मात्र मिळत नाहीं. तो देशाबाहेरील त्यांच्या वकिलातींतूनच घ्यावा लागतो. म्हणून शहाणपण यांत कीं, प्रथम नवें पारपत्र हातीं घ्यावें, मालकाशीं बोलावें, मुलाखतीची तारीख मिळवावी आणि मगच विमानाचें तिकीट काढावें. बहिणीचें लग्न असलें तरीही. हें कठोर वाटेल, पण माझें मत असेंच आहे.

इतर देशांत रीत वेगळी आहे आणि कित्येक ठिकाणीं ती सोपी झाली आहे, कारण राहण्याचा परवाना पुस्तिकेंतून बाहेर निघाला आहे. जर्मनींत २०११ पासून परवान्याचें स्वतंत्र कार्ड मिळतें. पण तेथें परकीय माणसाजवळ वैध पारपत्र असणें कायद्यानेंच बंधनकारक असल्यामुळें हरवल्याची बातमी तेथल्या परकीय नागरिकांच्या कार्यालयास लगेच द्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातींत पारपत्रावर निवासाचा व्हिसा चिकटविण्याची पद्धत २०२२ च्या एप्रिलमध्यें बंद झाली आणि एमिरेट्स आयडी हेंच निवासाचें प्रमाण ठरलें. ब्रिटननें २०२४ च्या अखेरीस निवासाचीं कार्डें मागें घेऊन सर्व नोंद संगणकावर नेली. यांत एक खोंच आहे. ही नोंद जुन्या पारपत्राच्या क्रमांकाशीं जोडलेली असते. नवी पुस्तिका आल्यावर आपल्या खात्यांत नवा क्रमांक घालावयाचा राहिला, तर पुढच्या खेपेस मुंबईच्या विमानतळावर विमानकंपनीचा कारकून म्हणेल, ‘तुमच्या नांवावर परवाना दिसत नाहीं.’ त्यावेळीं वाद घालून उपयोग होत नाहीं.

आपल्या गोव्यांतील पुष्कळ बंधूंपाशीं पोर्तुगालचें पारपत्र असतें. त्यांनीं अर्थातच पोर्तुगालच्या वकिलातीकडे जावयाचें. भारतीय वकिलात त्यांस नवें पारपत्र देणार नाहीं, मग घरीं कोंकणी किंवा मराठी कितीही चांगलें बोललें जात असो.

आतां मघांशीं राखून ठेविलेला मुद्दा. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या कित्येक माणसांचें पारपत्र हरवलेलें नसतें; तें मालकाच्या कपाटांत असतें. मालक देत नाहीं, घरीं आई आजारी आहे, तेव्हां कोणी तरी सल्ला देतो कीं ‘हरवलें म्हणून सांग, नवें मिळेल.’ हा सल्ला देणारा शत्रु समजावा. पारपत्र कोठें आहे हें ठाऊक असतां तें हरवलें असें लिहून देणें हें खोटें प्रतिज्ञापत्र होय, आणि मालकानें दुसऱ्या दिवशीं तेंच पारपत्र पोलिसांपुढें ठेविलें तर तुरुंगाची पाळी कामगारावर येते. खरा मार्ग उघड सांगण्याचा आहे. पारपत्र भारत सरकारची मालमत्ता आहे हें सतरावें कलम येथें उपयोगीं पडतें. त्या देशांचे कायदेही आतां मालकाच्या बाजूचे नाहींत. कतारच्या २०१५ च्या एकविसाव्या क्रमांकाच्या कायद्यानें कामगाराचें पारपत्र अडकवून ठेवणाऱ्यास पंचवीस हजार रियालपर्यंत दंड ठेविला आहे. वकिलातीकडे तक्रार करावी. परराष्ट्र खात्यानें २०१५ सालीं ‘मदद’ नांवाची तक्रारनोंदणी सुरू केली, तींत घरच्या माणसांनाही येथून तक्रार नोंदवितां येते आणि तिचें पुढें काय झालें हें पाहतां येतें. निर्धन माणसाच्या तिकिटाची व निवाऱ्याची सोय करण्यासाठीं २००९ पासून वकिलातींच्या हातीं भारतीय समाज कल्याण निधि आहे. त्याची माहिती ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांनाच ती नसते.

घरीं बसलेल्यांनीं काय करावें? रात्रीं दोन वाजतां फोन येतो, मुलाचा आवाज कापरा असतो, आणि येथें सारें घर जागें होतें. अशा वेळीं आईवडिलांच्या हातीं तीन गोष्टी असतात. जुनीं पारपत्रें, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे कागद कपाटांतून काढून त्यांचीं स्वच्छ छायाचित्रें मुलास पाठवावीं. कित्येकदां रद्द झालेल्या जुन्या पारपत्रावरील एका क्रमांकानें वकिलातीचें काम सोपें होतें. दुसरें, पारपत्रावर जो पत्ता आहे तेथें पोलीस चौकशीस येतील, हें लक्षांत ठेवावें. तुम्ही घर बदललें असेल, जुनी जागा भाड्यानें दिली असेल, तर भाडेकरूस आणि शेजाऱ्यांस आधीं सांगून ठेवावें. ‘येथें असा कोणी राहत नाहीं’ हें एकच वाक्य अहवालांत गेलें, तर म्युनिकमधल्या मुलीचें पारपत्र पुण्यांत अडतें. तिसरें म्हणजे पैसे मागणाऱ्या अनोळखी फोनपासून सावध राहावें. वकिलातीचाच क्रमांक दिसेल अशी युक्ति करून लोकांस भीति घालणारे भामटे आहेत. पारपत्राच्या शुल्कासाठीं वकिलात फोनवरून बँकेच्या कार्डाचा क्रमांक विचारीत नाहीं.

पूर्वतयारीबद्दल मी थोडेंच बोलतों, कारण तें सर्वांस ठाऊक असतें आणि कोणी करीत नाहीं. पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत एक घरीं, एक ईमेलमध्यें आणि एक वेगळ्या पिशवींत असावी. कुटुंबांतील चारही पारपत्रें एकाच बटव्यांत ठेवून तो बटवा बाबांच्या खांद्याला लटकविण्याची जी आपली पद्धत आहे ती सोडावी. त्यांत एक पिशवी गेली कीं सारें कुटुंब अडकतें. जेथें निवासाचें कार्ड मिळालें आहे तेथें रोजच्या रोज पारपत्र खिशांत घेऊन हिंडण्याची गरज बहुधा नसते. जपानमध्यें निवासपत्र जवळ असलें कीं पारपत्र बरोबर ठेवण्याची सक्ति रहिवाशांवर नाहीं. सहलीस आलेल्यांवर मात्र आहे. हा नियम देशादेशांत बदलतो, म्हणून गेल्याबरोबर विचारून घ्यावा.

चिप बसविलेल्या नव्या पारपत्रांबद्दल पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडे त्यांचा प्रारंभ २०२४ च्या एप्रिलमध्यें नागपूर आदि ठिकाणीं झाला. या चिपमुळें हरवलेलें पारपत्र कोठें आहे तें कळतें, अशी एक समजूत पसरली आहे. तसें कांहीं नाहीं. चिपमध्यें आपली माहिती व छायाचित्र सुरक्षित लिहिलेलें असतें आणि त्यामुळें खोटें पारपत्र बनविणें अवघड जातें. हरवलेलें शोधण्याची शक्ति तींत नाहीं.

राहतां राहिला एक प्रसंग, जो वाटतो त्याहून अधिक वेळां घडतो. नवें पारपत्र मिळून तीन महिने होतात, आणि एके दिवशीं सोफ्याच्या गादीखालीं जुनें सांपडतें, किंवा कोणी सज्जन तें टपालानें पाठवून देतो. त्यावर व्हिसा आहे, मुदत आहे, सर्व कांहीं जागच्या जागीं आहे. मग मोह होतो कीं, यावेळीं जुन्यावरच जाऊन यावें, व्हिसाच्या मुलाखतीचा खर्च वांचेल. तें पुस्तक आतां मेलेलें आहे. त्याचा क्रमांक रद्द झाला आहे, आणि अमेरिकेसारख्या देशांत हरवल्याची खबर दिलेला व्हिसा, पुस्तक सांपडलें तरी, पुन्हां जिवंत होत नाहीं. असें पारपत्र दाखविणाऱ्यास विमानतळावर बाजूस काढून बसवितात आणि तें त्यानें चोरलें आहे कीं काय येथपासून चौकशी सुरू होते. तें वकिलातीकडे नेऊन द्यावें, दिल्याची पोंच घ्यावी, आणि ती पोंच नव्या पारपत्राच्या कागदांबरोबर ठेवून द्यावी.